लहरी वाढल्या म्हणून ग्रिड आणखी बारीक करू नका: एफडीटीडीमध्ये सीमेची चूक आणि ग्रिडची चूक वेगळी कशी काढायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्वतः लिहिलेला त्रिमितीय एफडीटीडी कोड आहे, म्हणजे प्रकाशाची समीकरणं जागेच्या छोट्या सेलमध्ये आणि वेळेच्या छोट्या पायऱ्यांत सोडवणारा. सिलिकामध्ये बसवलेला ५०० नॅनोमीटर रुंद आणि २२० नॅनोमीटर जाड सिलिकॉन वेव्हगाइड, मध्ये एक वळण, एकूण मार्ग साधारण १२ मायक्रॉन. १.५ ते १.६ मायक्रॉनच्या पट्ट्यात ट्रान्समिशन काढलं तर वक्र गुळगुळीत येत नाही. दर २४ नॅनोमीटरला एक उंचवटा येतो, उंचवट्यावर आकडा १.०४ होतो आणि खोलगट भागात ०.८ च्या आसपास उतरतो. ग्रिड (एका सेलची लांबी) ४० वरून २० नॅनोमीटर केली तर लहरी वाढल्या. ४० च्या ग्रिडवरच पीएमएलचे, म्हणजे सीमेवर लाट शोषणाऱ्या पट्ट्याचे, थर १० वरून २० केले तर काहीच बदललं नाही. कोडमध्ये पीएमएलचा कमाल सिग्मा (शोषण ठरवणारी वाहकता) ४०,००० सीमेन्स प्रति मीटर असा टाइप केलेला आहे आणि वेव्हगाइडच्या बाजूला पीएमएलपर्यंत १५ सेल मोकळे ठेवलेत. आता ग्रिड १० नॅनोमीटर करावी का?

नको. त्रिमितीत सेल अर्धा केला की सेलची संख्या आठपट होते, टाइम-स्टेपही अर्धा करावा लागतो, म्हणजे काम सोळापट. एवढं करून लहरी तिथेच राहतील, कारण त्या ग्रिडमुळे आलेल्या नाहीत. तुमच्या वर्णनात तीन वेगवेगळ्या चुका एकमेकींत मिसळल्या आहेत. एकेक सुटी करूया.

आधी २४ नॅनोमीटर हा आकडा घ्या, कारण सगळ्यात जास्त माहिती त्यातच आहे. ठरावीक अंतराने येणारी लहर म्हणजे कुठेतरी दोन परावर्तक समोरासमोर उभे आहेत. त्यांच्यातलं अंतर लहरीच्या टप्प्यावरून निघतं: प्रकाशाचा वेग भागिले दोन, ग्रुप इंडेक्स (प्रकाशाचा वेग भागिले पल्सचा वेग) आणि वारंवारतेतला टप्पा या तिघांचा गुणाकार. १.५५ मायक्रॉनजवळ २४ नॅनोमीटर म्हणजे ३ टेराहर्ट्‌झ. या मापाच्या सिलिकॉन वेव्हगाइडचा ग्रुप इंडेक्स सुमारे ४.२ असतो. भागाकार केला की उत्तर येतं जवळपास १२ मायक्रॉन, म्हणजे तुमच्या वेव्हगाइडची अख्खी लांबी. परावर्तन वळणापाशी होत नाही, बाजूच्या भिंतींवरही नाही. ते वेव्हगाइडच्या दोन टोकांवर होतंय. इथे साधा अपवर्तनांक वापरला असता तर अंतर चुकीचं निघालं असतं आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसला असता. पल्स ग्रुप वेगाने जातो, म्हणून हिशेबही ग्रुप इंडेक्सनेच करायचा.

टोकांवर काय होतंय याचा माझा अंदाज जवळपास पक्का आहे. तुम्ही वेव्हगाइड पीएमएलच्या आतल्या पृष्ठभागापाशी संपवला आहे आणि पीएमएलच्या आत नुसतं सिलिका भरलं आहे. पीएमएल लाटेला परत पाठवत नाही, पण एका अटीवर: पीएमएलच्या आतलं द्रव्य बाहेरच्यासारखंच पुढे चालू असलं पाहिजे. तुमच्या बाबतीत वेव्हगाइडमधला मोड (त्यात बांधून चालणारी लाट) २.४४ च्या इफेक्टिव्ह इंडेक्समधून, म्हणजे त्याला जाणवणाऱ्या अपवर्तनांकातून, थेट १.४४ च्या सिलिकावर येऊन आपटतो. ढोबळ हिशेबाने इथे मोठेपणाचा (अ‍ॅम्प्लिट्यूडचा) २६ टक्के भाग परततो, शक्तीचा साडेसहा टक्के. अशी दोन टोकं समोरासमोर असली की दरी आणि शिखर यांचं गुणोत्तर ०.७७ च्या आसपास येतं. तुमचं ०.८ भागिले १.०४ हेही तेवढंच आहे. थर १० चे २० केल्यावर काही का बदललं नाही, तेही यातच आलं: लाट पीएमएलच्या दारातूनच परतत होती, आत किती खोल्या आहेत याच्याशी तिचा संबंधच आला नाही.

उपाय एका ओळीचा आहे. वेव्हगाइड, सब्सट्रेट, क्लॅडिंग, जे काही सीमेला भिडतं ते पीएमएलच्या बाहेरच्या कडेपर्यंत जसंच्या तसं ओढून न्या. भूमिती काढताना लांबी बॉक्सपेक्षा मुद्दाम जास्त द्या, म्हणजे राउंडिंगमुळे शेवटचा एखादा सेल रिकामा राहणार नाही. त्या एका सेलनेही मी लहरी आलेल्या पाहिल्या आहेत.

आता १.०४ बद्दल. तुम्ही भागलंत ते सोर्सच्या (लाट सोडणाऱ्या करंटच्या) सूत्रातून काढलेल्या शक्तीने. पण करंट सोर्स किती शक्ती सोडतो हे त्याच्याभोवती काय आहे यावर ठरतं. टोकांवरून परतलेली लाट सोर्सपाशी पोचली की काही वारंवारतांना तो जास्त शक्ती सोडतो, काहींना कमी. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम मोडलेला नाही, भागाकारातला खालचा आकडा चुकला आहे. नॉर्मलायझेशन नेहमी वेगळ्या रनने करा: तीच ग्रिड, तोच पीएमएल, तोच सोर्स, सरळ वेव्हगाइड, सोर्सपासून मॉनिटर (मोजणीची जागा) तेवढ्याच अंतरावर. आणि एका बिंदूवरचं क्षेत्र न घेता मॉनिटरच्या पूर्ण आडव्या छेदातून जाणारा फ्लक्स (वाहणारी शक्ती) घ्या. बिंदूवर पुढची आणि मागची लाट एकमेकींत मिसळते.

यावर तुमचा विश्वास बसावा म्हणून कोड न बदलता करता येईल अशी एक तपासणी सांगतो. स्पेक्ट्रम बाजूला ठेवा आणि वेळ बघा. वेव्हगाइडच्या मधोमध, म्हणजे दोन्ही टोकांपासून ६ मायक्रॉनवर, एक प्रोब ठेवा आणि तिथलं विद्युतक्षेत्र प्रत्येक स्टेपला नोंदवा. सोर्स डाव्या टोकापासून २ मायक्रॉनवर आहे असं धरू. पल्स ४ मायक्रॉन चालून प्रोबपाशी येईल, ग्रुप इंडेक्स ४.२ धरला तर साधारण ५६ फेम्टोसेकंदांनी. उजव्या टोकावरून परतणारा प्रतिध्वनी त्यानंतर आणखी १६८ फेम्टोसेकंदांनी येईल. डाव्या टोकाचा प्रतिध्वनी ५६ फेम्टोसेकंदांनंतरच येतो, तो मूळ पल्सच्या शेपटीत थोडा मिसळेल. पण १६८ वाला एकटा, स्वच्छ दिसला पाहिजे. उभा अक्ष लॉगमध्ये घ्या. साध्या अक्षावर एक टक्क्याचा प्रतिध्वनी सरळ रेषेसारखा दिसतो आणि माणूस फसतो. मला कोणी लहरी असलेला वक्र दाखवला तर मी आधी हीच वेळेची नोंद मागतो.

त्याहून कडक तपासणी म्हणजे मोठा बॉक्स. तीच ग्रिड, तोच टाइम-स्टेप, पण सीमा इतक्या लांब की तुम्ही बघत असलेल्या वेळात कोणताही प्रतिध्वनी परतू शकणार नाही. त्याच प्रोबवरच्या दोन नोंदी वजा करा. ग्रिडची चूक दोन्हीकडे अगदी सारखी आहे, म्हणून ती वजाबाकीत निघून जाते. उरतं ते फक्त सीमेचं पाप. पीएमएलचा कोड बरोबर लिहिला आहे की नाही हे ठरवायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. एका साध्या द्विमितीय डबीत, मोकळ्या जागेत एक बिंदू-सोर्स ठेवून ही चाचणी प्रत्येक नव्या कोडवर एकदा करून ठेवावी. एक तासाचं काम आहे.

दुसरी चूक: ग्रिड बारीक केल्यावर लहरी का वाढल्या. तुमच्या कोडमध्ये पीएमएलची जाडी सेलमध्ये दिली आहे आणि सिग्मा आकड्यात. ४० च्या ग्रिडवर १० थर म्हणजे ४०० नॅनोमीटर. ग्रिड २० केली, थर १० च ठेवले, तर जाडी २०० झाली. सिग्मा मात्र तोच राहिला. शोषण सिग्मा आणि जाडी यांच्या गुणाकारावर चालतं आणि तो गुणाकार घातांकात असतो. तुमचे आकडे घालून पाहिले (सिग्मा घनाच्या घाताने चढतो असं धरून): सिलिकामध्ये समोरून येणारी लाट पीएमएलच्या पाठीमागच्या धातूच्या भिंतीला आपटून परत येईपर्यंत ४० च्या ग्रिडवर मोठेपणाचा १.३ टक्के उरतो, आणि २० च्या ग्रिडवर ११ टक्के. वळणातून बाहेर सांडलेला प्रकाश नेमका हाच मार्ग घेतो. ग्रिड सुधारताना तुम्ही नकळत भिंत पातळ केली.

सिग्मा टाइप करू नका, काढा. नेहमी वापरला जाणारा नियम असा: ०.८ गुणिले (घात अधिक एक), आणि त्याला भागायचं ३७७ ओहम (मोकळ्या जागेचा इम्पीडन्स), सेलची लांबी मीटरमध्ये आणि अपवर्तनांक या तिघांनी. घात ३, सेल २० नॅनोमीटर, इंडेक्स १.४४ घातलं तर सुमारे २,९५,००० येतात. तुमचे ४०,००० त्याच्या सातव्या भागाहूनही कमी आहेत. पण सिग्मा वाटेल तेवढा वाढवूनही चालत नाही. १९९४ साली बेरेंजे यांनी मांडलेला पीएमएल अखंड समीकरणांमध्ये खरोखर शून्य परावर्तन देतो; सेलमध्ये चिरला की सिग्माची प्रत्येक पायरी थोडी थोडी परावर्तन करते. पायऱ्या उंच झाल्या की तेच परावर्तन वरचढ ठरतं. म्हणून सिग्मा आतल्या कडेला शून्यापासून घन किंवा चौथ्या घाताने हळू चढवतात, आणि म्हणून जाडी वाढवणं हा सिग्मा वाढवण्यापेक्षा सुरक्षित मार्ग आहे. जाडी नॅनोमीटरमध्ये द्या आणि थरांची संख्या कोडला काढू द्या. तुमच्यासाठी ५०० ते ८०० नॅनोमीटर पुरेत.

बाजूच्या मोकळ्या जागेचंही तेच झालं आहे. १५ सेल म्हणजे आधी ६०० नॅनोमीटर, आता ३००. या वेव्हगाइडमधल्या मोडची सिलिकात पसरलेली शेपटी साधारण १२५ नॅनोमीटरला १/ई पट (सुमारे ३७ टक्के) होते. ६०० वर ती एक टक्क्याच्या आत आलेली असते, ३०० वर अजून ९ टक्के शिल्लक असते. एवढी शेपटी पीएमएलमध्ये शिरली की तिथल्या पायऱ्या मोडलाच थोडा कुरतडतात. एक मायक्रॉन मोकळा ठेवा. तिथे शेपटी मूळच्या तीन हजाराव्या भागावर येते.

मग ग्रिडचं काय? तिसरी चूक तिचीच आहे, पण तिचं रूप वेगळं असतं. सीमेची चूक लहरी आणते, ग्रिडची चूक वक्र सरकवते. हा फरक डोक्यात ठेवला की अर्धी शोधाशोध वाचते.

१.५५ मायक्रॉनची लाट सिलिकॉनमध्ये ४४५ नॅनोमीटरची होते, कारण इंडेक्स ३.४८ आहे. ४० च्या ग्रिडवर एका तरंगलांबीत ११ सेल, २० वर २२. यी यांच्या १९६६ च्या पद्धतीत (एफडीटीडीची मूळ पद्धत हीच) ग्रिडवरची लाट खऱ्या लाटेपेक्षा किंचित हळू चालते आणि ही चूक सेलच्या वर्गाने कमी होते. एकसंध सिलिकॉन, समान सेल आणि कूरांटच्या मर्यादेवरचा (कोड स्थिर राहील असा सगळ्यात मोठा) टाइम-स्टेप धरला, तर अक्षाच्या दिशेने जाणाऱ्या समतल लाटेची चूक ११ सेलला सुमारे ०.९ टक्के, २२ सेलला ०.२३. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दहा तरंगलांब्या चालून गेल्यावर ती पहिल्या ग्रिडवर ३३ अंशांची आणि दुसरीवर ८ अंशांची मागे पडते. शिवाय ही चूक दिशेवर अवलंबून असते: त्याच टाइम-स्टेपला प्रतलातल्या ४५ अंशांच्या दिशेने ती अक्षाच्या दिशेच्या चुकीच्या पावपट असते. तुमच्या वळणात लाट अक्षावरून तिरकी होऊन पुन्हा अक्षावर येते, म्हणजे वाटेत तिचा वेग ग्रिडच्या मर्जीने बदलतो. टाइम-स्टेप गरजेपेक्षा लहान घेतला तर अचूकता वाढत नाही, उलट ही पिछेहाट किंचित वाढते. पुष्कळांना हे उलटं वाटतं.

पण तुमच्या प्रकरणात यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे २२० भागिले ४०. उत्तर साडेपाच. सेल अर्धा भरता येत नसेल तर कोडने वेव्हगाइड एकतर २०० चा केला किंवा २४० चा. २० च्या ग्रिडवर बरोबर ११ सेल बसतात. म्हणजे तुम्ही दोन ग्रिडची तुलना करत नव्हता, दोन वेगवेगळ्या वेव्हगाइडची करत होता. ५०० ला ४० नेही भाग जात नाही. २० आणि १० ने दोन्ही मापांना भाग जातो, हे तुमचं सुदैव.

सरळ कडांसाठी माप जुळवलं की भागतं, वळणाच्या गोल कडेसाठी नाही. तिथे जिन्यासारख्या पायऱ्या पडतातच, आणि त्या पायऱ्यांमुळे पद्धतीची वर्गाने सुधारणारी अचूकता घसरून सेलच्या पहिल्या घातावर येते. यावर सबपिक्सेल सरासरी करावी, म्हणजे कडेच्या सेलमध्ये दोन्ही द्रव्यांची सरासरी भरावी. पण सरासरी कोणती, हे महत्त्वाचं आहे. कडेला समांतर असलेल्या विद्युतक्षेत्रासाठी परमिटिव्हिटीची (अपवर्तनांकाच्या वर्गाची) साधी सरासरी, कडेला लंब असलेल्या क्षेत्रासाठी तिच्या व्यस्तांची सरासरी काढून तिचा व्यस्त. सगळीकडे साधी सरासरी लावली की चित्र गुळगुळीत दिसतं, चूक मात्र पहिल्या घाताचीच राहते. मीप या तयार एफडीटीडी सॉफ्टवेअरमध्ये हे आपोआप होतं, स्वतःच्या कोडमध्ये लिहावं लागतं.

ग्रिड पुरेशी आहे का, हे ठरवायला पूर्ण त्रिमितीय रन तीनदा चालवू नका. वेव्हगाइडचा आडवा छेद घ्या, लांबीच्या दिशेला एकच सेल ठेवून ब्लॉख सीमा (छेद त्या दिशेने अखंड चालू आहे असं धरणारी) लावा, प्रसारण स्थिरांक (लांबीच्या दिशेने लाटेची फेज किती बदलते तो आकडा) पक्का करा आणि मोडची वारंवारता काढा. हे काही मिनिटांत होतं. समजा सबपिक्सेल सरासरी लावून ४०, २० आणि १० च्या ग्रिडवर तरंगलांबी १५६२, १५५३ आणि १५५०.७५ आली. पहिला फरक ९, दुसरा २.२५, गुणोत्तर ४. म्हणजे चूक वर्गाने कमी होतेय, सगळं ठीक आहे, आणि शेवटच्या दोन आकड्यांवरून अनंत बारीक ग्रिडचं उत्तर १५५० काढता येतं: बारीक ग्रिडच्या आकड्याची चौपट, त्यातून जाड ग्रिडचा आकडा वजा, भागिले तीन. गुणोत्तर २ च्या जवळ आलं तर कडांच्या पायऱ्या अजून बोलतायत. गुणोत्तराला काही ताळमेळच नसेल तर मापं सेलमध्ये वेगवेगळी बसतायत, आणि ते आधी दुरुस्त करा. एक मात्र लक्षात ठेवा: टोकदार कोपऱ्यावरचं क्षेत्र, विशेषतः धातूच्या, ग्रिड बारीक केली तरी स्थिरावत नाही, ते वाढतच जातं. तिथला कमाल आकडा कन्व्हर्जन्ससाठी, म्हणजे उत्तर स्थिरावतंय का हे ठरवायला, वापरूच नये. फ्लक्स, वारंवारता, शोषण अशा राशी घ्याव्यात.

तुमच्याकडे आत्ता नाही, पण पुढे ग्रेटिंगकडे वळलात तर उपयोगी पडेल असं एक सांगतो. एका आवर्ती रचनेच्या ट्रान्समिशनमध्ये मला एकदा सुईसारखं टोक दिसलं होतं आणि ते खरं रेझोनन्स समजून मी त्यावर तीन दिवस घालवले. ते टोक नेमकं तिथे होतं जिथे एक विवर्तन क्रम (रचनेतून ठरावीक कोनात निघणारी लाट) पृष्ठभागाला जवळजवळ समांतर होतो. पीएमएलचं शोषण कोनाच्या कोसाइनवर चालतं. समोरून येणाऱ्या लाटेचा दहा कोटीत एक भाग परत पाठवणारा थर ८० अंशांवर ४ टक्के परत पाठवतो आणि ८५ अंशांवर २० टक्के. लाटेच्या दिशेने पीएमएलची जाडी दुप्पट केली, टोक सरकलं आणि लहान झालं. खरं रेझोनन्स पीएमएलच्या जाडीने सरकत नाही. आणि फोटॉनिक क्रिस्टलसारखी आवर्ती रचना सीमेत शिरत असेल तर पीएमएल तत्त्वतःच परावर्तनरहित राहत नाही. तिथे लांब, अगदी हळू चढणारा शोषक थर लावायचा. त्याच्या जागेची किंमत मोजावीच लागते.

दुरुस्तीनंतरही बारीक लहर उरली तर रन दुप्पट वेळ चालवून बघा. लहरीचा टप्पा अर्धा झाला तर रन लवकर थांबवल्याची ती खूण आहे, क्षेत्र विझायच्या आधीच नोंद कापली गेली. टप्पा तसाच राहिला तर परावर्तन आहे. आणि पल्स निघून गेल्यावरही एखादं क्षेत्र न हलता, न विझता तसंच बसलेलं दिसलं तर सोर्सच्या पल्सची वेळेवरची बेरीज शून्य आहे का ते तपासा. नसेल तर सोर्सपाशी स्थिर विद्युतभार मागे उरतो आणि पीएमएल त्याला शोषू शकत नाही.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. ग्रिड २० वरच राहू द्या. आधी फक्त वेव्हगाइड पीएमएलच्या आरपार न्या आणि रन करा. २४ नॅनोमीटरची लहर जवळपास जायला हवी. मग सिग्मा आणि जाडी सुधारा, मग बाजूची मोकळी जागा. प्रत्येक बदलानंतर प्रोबची नोंद जपून ठेवा. एखादी लहर तरीही उरली तर तिचा नवा टप्पा मोजा आणि वरच्याच भागाकाराने अंतर काढा. ते अंतर वळणाच्या सुरुवातीपासून त्याच्या शेवटापर्यंतचं निघालं, तर तो तुमच्या वळणाचा खरा गुणधर्म आहे, आणि तो पुसून टाकायचा नाही.